पूल जळलाच पाहिजे

४ फेब्रुवारी

आई आज दवाखान्यातून घरी आली. घरी म्हणजे माझ्या घरी. गुडघा नवा, काठी नवी, तक्रारी मात्र जुन्याच. लिफ्टमध्ये शिरताच तिने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "जिने चढता येईपर्यंत." तिचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी राहते. मला ते कधीच पटलेलं नाही, पण आमच्या घरात आईला काही पटवून देणं म्हणजे दगडावर डोकं आपटण्यासारखं आहे.

शस्त्रक्रिया फार छान झाली. डॉक्टरांचे मी इतके आभार मानले की शेवटी ते मागे मागे सरकत खोलीबाहेर गेले. खरंच, कुणाकुणाचे आणि किती मानावेत. भूल देणाऱ्या बाईंचे, नर्सचे, स्ट्रेचर ढकलणाऱ्याचे. आई चालतेय!

तिच्यासाठी खोली आधीच लावून ठेवली होती. खिडकीशी पलंग, न्हाणीघरात धरायला दांडा, भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक. तिने ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "मधली सुट्टी कुठे आहे?" शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालीय, पण शाळा काही अंगातून जात नाही.

७ फेब्रुवारी

कामाचंही लिहायला हवं, नाहीतर ही डायरी नुसती गुडघ्याची होईल.

आम्ही पाच जण दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून एक व्हिडिओ गेम बनवतो आहोत. जादूच्या राज्यातला. खेळणारा त्यात वाटसरू होतो. गोष्ट माझी. पहिला भाग असा: जमीन गिळत एक धुकं येतंय. डोंगरात एक गाव आहे, गावाबाहेर खोल दरी, दरीवर लाकडी पूल. गावात एक म्हातारी दिवेवाली आहे, तिनेच वाटसरूला लहानाचं मोठं केलंय. धुकं वेशीशी आलं की वाटसरूने पूल ओलांडायचा आणि पलीकडून पेटवून द्यायचा, म्हणजे धुक्याला वाट उरत नाही. दिवेवाली गावातच राहते. परतीची सोय नाही. हा प्रसंग मला सगळ्यात आधी सुचला आणि बाकीचा खेळ मी त्याच्याभोवती रचला. तो लिहिताना मी रडले होते आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीची माणसं हा भाग खेळून बघायला येणार आहेत. त्यांना आवडला तर खेळ पुरा होईल. नाही आवडला तर आम्ही पाच जण पाच दिशांना.

आज पुन्हा पान्याशी वाजलं. पाना म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. काहीही बिघडलं की बाह्या सरसावून "उघडून बघू" म्हणतो, म्हणून पाना.

"समजा, मला पूल जाळायचा नसेल तर?"

"तर खेळ पुढे जाणार नाही."

"म्हातारीला बरोबर न्यायचं असेल तर?"

"पाना, पूल जळलाच पाहिजे. मागे वळायची सोय ठेवली तर निघण्यात काय राम राहिला?"

"मग खेळणाऱ्याच्या हातात बटणं कशाला दिलीस? समोर बसव आणि गोष्ट वाचून दाखव."

मला राग आला, पण तो बोलता बोलता माझा बंद पडलेला कीबोर्डही दुरुस्त करत होता, त्यामुळे धड भांडताही येईना. असा सहकारी मिळायला भाग्य लागतं, हे त्याला सांगायची मात्र सोय नाही.

११ फेब्रुवारी

आई कंटाळलीय. वाचून झालं, शब्दकोडी झाली, खिडकीतून दिसणाऱ्या सगळ्या माणसांना नावं ठेवून झाली. म्हणून आज ऑफिसातलं जादा मशीन घरी आणलं आणि आमचा खेळ लावून दिला.

"यात मी काय करायचं?"

"काहीही कर. तुझी मर्जी."

पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे विहिरीत पडली. दुसऱ्यांदाही पडली. मग तिला हातातल्या कंट्रोलरचा अंदाज आला आणि ती गावभर हिंडली. कुंभाराने काम सांगितलं, तिने केलं नाही. सरदाराने तलवार देऊ केली, "मला काय करायचीय?" म्हणून पुढे गेली. नुसती चालत राहिली, डोंगराच्या कडेकडेने. मी शेजारी बसून "अगं, इकडे, इकडे" करत होते.

"तुझी नदी चढावर वाहतेय," ती म्हणाली.

मी उठून स्क्रीनला नाक लावलं. खरंच चढावर वाहत होती! इतके दिवस इतक्या डोळ्यांना दिसली नव्हती. आमच्या चित्रकाराला लगेच फोन केला, तो हसला, त्याने स्वतः उघडून बघितलं, मग म्हणाला, "आईंना माझा नमस्कार सांग."

आज खूप दिवसांनी आम्ही दोघी एका गोष्टीवर एकत्र हसलो. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

आज बाहेरची माणसं बोलावली होती, खेळ खेळून बघायला. आपण मागे उभं राहून नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही, असा नियम. तो पाळताना माझ्या नाकी नऊ येतात.

एक ट्रकचालक होते, धिप्पाड, अगदी सौम्य आवाजाचे. पुलापाशी आले, दिवेवालीचं निरोपाचं बोलणं पूर्ण ऐकलं आणि पेटवायची मशाल खाली ठेवली. मग गावात परत गेले, कुंभाराची हातगाडी ओढत आणली, ती म्हातारीच्या पायाशी लावून ढकलायला लागले. म्हातारी गाडीवर चढली! ती चढेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. घामाघूम होऊन त्यांनी तिला इंचाइंचाने पूल पार करवला. पलीकडे पोचल्यावर पूल आपोआप पेटला आणि शेजारी उभी असलेली दिवेवाली लांब बघत म्हणाली, "मी इथे गावातच राहते, पोरा. तू जा."

पाना हसून हसून टेबलाखाली गेला. ट्रकचालक हसले नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, मी तिला आणलंय हो. तिला कळलंच नाही का?"

मी त्यांचे आभार मानले. किती जीव लावून खेळले. मग संध्याकाळी हातगाडी काढून टाकली.

१७ फेब्रुवारी

हातगाडीनंतर होडी काढली, कारण एकीने म्हातारीला होडीत घालायचा प्रयत्न केला. मग दोरी काढली. मग बैल. पाना म्हणतो, "या वेगाने गावात म्हातारी आणि तू, एवढंच उरेल."

तिकडे आईने नवंच काढलंय. खेळात एक युक्ती असते. धुकं खरं म्हणजे पुढे सरकतच नाही. खेळणारा जोवर दिवेवालीकडे जाऊन "आजी, काय झालं?" असं विचारत नाही, तोवर ते वेशीवर थांबून राहतं. सगळेच खेळ असं करतात, नाहीतर माणसाला कुठे काय बघायला वेळच मिळायचा नाही. कुणाच्या ते लक्षात येत नाही. आईच्या आलं.

"येतंय येतंय म्हणून सगळं गाव ओरडतंय, आणि ते आपलं चार दिवस तिथेच. त्या बाईशी बोललं की येतं ना?"

"हो."

"मग मी बोलतच नाही."

आणि खरंच बोलत नाहीये. दिवेवालीच्या अंगणाला वळसा घालून जाते. गावातल्या शेळ्यांना नावं दिलीयत, डोंगरांचा नकाशा काढलाय, पण अंगणात पाऊल टाकत नाही. मी म्हटलं, "आई, अशाने गोष्ट पुढे कशी जाणार?" ती म्हणाली, "कुठे जायची घाई आहे तिला?"

हसावं की डोकं धरावं कळेना. बोललंच नाही म्हणजे व्हायचं ते टळतं, असं कुठे असतं का?

२० फेब्रुवारी

आज तपासणी. डॉक्टर फार खूश. आई बाहेर बूट घालत होती तेव्हा मला म्हणाले, "जिने चढायला आता काहीच हरकत नाही. हव्या तेव्हा स्वतःच्या घरी जाऊ शकतात. उलट जाऊ देत, तेवढा व्यायाम."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"प्रगती छान आहे म्हणाले."

तसं म्हणालेच होते ते. जिन्यांचं आत्ताच सांगत नाही. ऐकलं की लगेच पिशवी भरायला घेईल, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. तो शेवटचा वळणाचा जिना तर किती अंधारा आहे. आणखी थोडी ताकद येऊ दे, मग योग्य वेळ बघून बोलेन. व्यायाम करून घ्यायला येतात त्या बाईंनाही बाजूला घेऊन सांगितलं की, इतक्यात जिन्यांचा विषय काढू नका. त्या म्हणाल्या, "मी कशाला काढू, ताई?" आणि गालातल्या गालात हसल्या. गोड बाई आहेत. त्यांचेही उपकारच.

२१ फेब्रुवारी

आईने आज माझ्यासाठी टोमॅटोचं सूप करून ठेवलं होतं. दारातून आत येताच वास आला. कुणीतरी घरी आहे या भावनेने मला इतकं भरून आलं की बूट न काढताच स्वयंपाकघरात गेले आणि बोलणी खाल्ली.

२४ फेब्रुवारी

आईवर उपाय सापडला. तिच्यासारखे खेळणारे आणखीही असणार, नुसते भटकणारे. म्हणून गावाच्या कडेने अदृश्य भिंती टाकून घेतल्या. खेळांत सर्रास टाकतात. दिसत काहीच नाही, समोर गवत, आकाश, सगळं मोकळं; फक्त माणूस एका रेषेपुढे जात नाही, जागच्या जागी पाय हलवत राहतो. एकच वाट मोकळी ठेवली, दिवेवालीच्या अंगणाकडची. पान्याने भिंती घालून दिल्या, पण दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

घरी येऊन आईला बदललेला खेळ लावून दिला. ती नेहमीप्रमाणे डोंगराकडे निघाली आणि अडली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. उड्या मारल्या. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"इथे काय आहे?"

"भिंत आहे."

"दिसत नाहीये."

"न दिसणारीच असते ती."

ती काही वेळ त्या गवताकडे बघत बसली. "दिसणारी घालायची होतीस," ती म्हणाली. "कुंपण, दगड, काहीही. म्हणजे माणसाला कळतं तरी, की आपल्याला अडवलंय. नाहीतर आपलेच पाय गेले असं वाटतं."

"खेळ आहे गं आई."

"हो, खेळच आहे," असं म्हणून तिने मशीन बंद केलं आणि खोलीत गेली. लहान मुलासारखी रुसते कधी कधी. मी चहा नेऊन दिला, तो घेतला, पण माझ्याकडे न बघता.

२५ फेब्रुवारी

आई खेळली नाही.

वॉचमन म्हणाला, "आजी आता एकदम ठणठणीत हो! रोज दुपारी भेटतात जिन्यात." म्हणजे दुपारची लिफ्ट बंद पडते की काय? लिफ्टवाल्यांना फोन केला. ते म्हणतात, लिफ्टला काही झालेलं नाही. कुणावर विश्वास ठेवावा?

२७ फेब्रुवारी

आज पुन्हा बाहेरची माणसं. फार वाईट दिवस.

कुणीही चिडलं नाही, तेच वाईट. सगळे अदृश्य भिंतींना धडकले, वळले, मुकाट्याने अंगणात गेले, पुलावर गेले, मशाल टेकवली, पूल जळला. माझा प्रसंग अगदी मला हवा तसा झाला आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ट्रकचालक निदान धडपडले तरी होते. शेवटी एका ग्रंथपाल बाईंना विचारलं, कसं वाटलं? त्या संकोचून म्हणाल्या, "छान आहे. म्हणजे, मध्ये मला वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय. मग म्हटलं, जाऊ दे, जिकडे नेतात तिकडे जावं."

ऑफिस रिकामं झाल्यावर पाना आणि मी खुर्च्या उलट्या करून बसलो. मी त्याला म्हटलं, "बोल आता, तुझंच खरं झालं." तो म्हणाला, "तुझा प्रसंग चांगला आहे. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. तुला काय वाटतं, उगाच राहिलोय इथे? पण तू सगळ्यांना हात धरून रडायला नेतेयस."

हे त्याने मला आधी कधी सांगितलं नव्हतं, बाहेर जाऊन उभा राहिल्याचं. मला फार कृतज्ञ वाटलं आणि फार हरल्यासारखंही. आठवड्यात कंपनीची माणसं येणार आणि माझ्याकडे आहे एक सुंदर, मेलेला पूल. काढून टाकला तर चार वर्षांची गोष्ट गेली. ठेवला तर खेळ गेला.

१ मार्च

सकाळी आईला सगळं सांगितलं. तिला काय कळणार म्हणून नव्हे, तर दुसरं कुणी ऐकायला नव्हतं म्हणून. पान्याचं म्हणणं, माझं म्हणणं. खेळणाऱ्याला मोकळीक हवी. लिहिणाऱ्याचाही काही शब्द असतो. कुणाचं चालावं?

आई टोस्टला लोणी लावत होती. "म्हणजे तुझा तो पाना म्हणतो म्हातारीला न्या, तू म्हणतेस ठेवा."

"साधारण तसंच."

"आणि तिचं काय म्हणणं आहे?"

"कुणाचं?"

"अगं, त्या बाईचं. न्यायचं की ठेवायचं यावर तुम्ही सगळे भांडताय, तिला कुणी विचारलंय का?"

मी म्हटलं, "आई, ती खरी नाहीये. तिला मी लिहिलंय."

"मग लिही ना," आई म्हणाली. "तूच लिहिलंयस आणि तुलाच माहीत नाही?"

टोस्ट तसाच टाकून ऑफिसला पळाले. लिफ्टमध्ये लक्षात आलं की बूट दोन वेगवेगळे घातलेत.

३ मार्च

लिहिलं! तीन दिवस जेवणाची शुद्ध नाही. पान्याने भिंती काढल्या, हातगाडी, होडी, दोरी, बैल, सगळं परत आणलं. पण आता म्हातारीला गाडीत घालायला गेलं की ती काठी आपटून म्हणते, "मला विचारलंस का?" आणि विचारलं की सांगते. मी लिहिलं ते इथे उतरवते, कारण हे लिहिताना मला एकदाही थांबावं लागलं नाही:

"माझे दिवे इथे आहेत. कुठली वात कधी फडफडते हे मला झोपेतही कळतं. तुझ्याबरोबर आले तर सुखात राहीन, पण तुझ्या घरात राहीन. मला उचलून नेऊ नकोस. आणि माझ्यासाठी अडकूनही बसू नकोस."

धुकं आता कुणासाठी थांबत नाही. कुणी बोलो न बोलो, रोज थोडं पुढे येतं. शेवटी दिवेवाली स्वतः मशाल घेऊन पुलावर येते आणि म्हणते, "मी पेटवते आता. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते तू ठरव." अलीकडे राहिलं तर तिच्याबरोबर शेवटचे दिवे लावायचे आणि खेळ तिथेच संपतो. छोटा, पण पुरा. पलीकडे गेलं तर पुढची वाट. पूल मात्र जळतो. तेवढं माझं राहिलं.

पान्याने वाचलं. उठून बाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं, रस्त्यावर खरंच नुसता उभा होता.

परत आल्यावर म्हणाला, "आईंवरून लिहिलंयस."

मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय. आईला कुठे दिवे लावता येतात?"

५ मार्च

कंपनीची माणसं आली, दोघं. एक जण पलीकडे गेला. दुसऱ्या, ज्यांच्या होकारावर सगळं अवलंबून होतं त्या बाई, पुलाच्या मधोमध थांबल्या, कंट्रोलर हातात धरून, इतका वेळ की मला वाटलं मशीन अडकलं. मग वळून गावात गेल्या आणि म्हातारीबरोबर दिवे लावत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "मला हे आवडलं असं नाही म्हणणार. पण हे मी केलं." आणि लगेच, "पुढचे भाग कधी?"

चित्रकार नाचला. पाना टेबलावर डोकं ठेवून बसला. मी सगळ्यांना मिठ्या मारल्या, खालच्या चहावाल्यालाही. ट्रकचालकांना आणि ग्रंथपाल बाईंना फोन करून आभार मानले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, पण मी काय केलं?"

६ मार्च

रविवार. आईसमोर नवा खेळ ठेवला. म्हटलं, घे, आता एकही भिंत नाही, हवी तेवढी राहा गावात. मनात होतं की ही शेवटपर्यंत म्हातारीजवळच बसणार. कॅमेरा तयार ठेवला होता, पान्याला दाखवायला.

आई सरळ अंगणात गेली, जिथे इतके दिवस पाय टाकत नव्हती तिथे. दिवेवालीला विचारलं. तिचं बोलणं पूर्ण ऐकलं. उठली, पूल पार केला, पलीकडे उभी राहून तो जळताना बघितला आणि नव्या वाटेवरून डोंगराकडे चालायला लागली.

"गेलीस?" मी म्हटलं. "आई! इतके दिवस हलली नाहीस आणि आता एका झटक्यात?"

"तिने तोंडाने सांगितलं ना आता," ती म्हणाली. "इतके दिवस गप्प होती, म्हणून मला काळजी. मनातलं सांगितलं की माणूस मोकळं होतं. सांगणारंही आणि ऐकणारंही."

ती खेळत राहिली. मी शेजारी बसले होते. मग माझ्या तोंडून निघालं, "आई, डॉक्टर म्हणाले की जिने चढायला हरकत नाही."

"हं."

"विसाव्या तारखेलाच म्हणाले होते."

"ठाऊक आहे. त्या व्यायामवाल्या बाई त्याच दिवशी म्हणाल्या. रोज दुपारी आम्ही दोघी तुमच्या इमारतीचे चारही मजले चढतो."

मी विचारलं, "मग गेली का नाहीस?"

आईने कंट्रोलर बाजूला ठेवला. "तू सांगायची वाट बघत होते. मी आपली उठून गेले असते तर तुला वाटलं असतं, आई पळून गेली. तुझ्याकडे मला काय कमी होतं? फार सुखात ठेवलंस गं मला. पण आता मला घरी जायचंय."

मी रडले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "आता तो डोंगर कुठून चढायचा ते तरी सांग."

मी म्हटलं, "शोध तुझी तू."

८ मार्च

आईला तिच्या घरी सोडून आले.

जिना ती पुढे, मी मागे, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या होत्या तेच बरं, नाहीतर हात आपोआप तिच्या दंडाकडे गेले असते. वळणावर ती थांबली आणि मी एकदम दोन पायऱ्या वर धावले. मागे न बघता म्हणाली, "थांबलेय. पडत नाहीये." मग कठड्याला धरून दम घेतला आणि निघाली.

आत गेल्या गेल्या तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. घरात कोंदट वास होता, नळाला आधी तांबूस पाणी आलं. मी झाडू हातात घेतला तर तिने काढून घेतला. मी म्हटलं, आजचा दिवस राहते. ती म्हणाली, "नको, उद्या तुझं काम आहे. पुढच्या रविवारी ये, जेवायलाच ये. आता नीघ. पोचलीस की फोन कर."

खाली रस्त्यावर येऊन मी उगाच वर बघितलं. खिडकीत ती नव्हती. आत कपाट सरकवल्याचा आवाज येत होता, एकटीने.

माझ्या घरी पोचल्यावर फोन केला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. मी पुन्हा बूट घालायला लागले. तेवढ्यात तिने उचलला, धापा टाकत.

"कुठे होतीस?"

"गच्चीवर."

गच्ची म्हणजे आणखी तीन मजले वर. माझं तोंड उघडलं होतं, सगळी वाक्यं ओठांवर तयार होती: गुडघा, अंधार, एकटी, पडली असतीस तर. मी ती कशी गिळली ते माझं मला ठाऊक. मग विचारलं, "काय दिसतं तिथून?"

आईने वर्गात नकाशा उलगडावा तशी उत्तरेकडून सुरुवात केली. पाण्याची टाकी, तिच्यामागची टेकडी, टेकडीवर नव्याने झालेला रस्ता, जो तिने आधी कधी बघितला नव्हता. पश्चिमेकडे पोचायला तिला बराच वेळ लागला. मी मध्ये एकदाही बोलले नाही.